दार कुठं उघडतं

नाटकमंडळीच्या मागच्या अंगणात एक दार उभं होतं. भिंत नव्हती, घर नव्हतं. नुसती चौकट, आणि ती पडू नये म्हणून मागून दोन तिरक्या फळ्यांचा टेकू. एका बाजूला रंगाचे डबे, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेला सोफा. पलीकडं जायला वाट काय ती चौकटीतूनच. काखेत जाडजूड कादंबरी आणि छातीशी वही धरून मास्तरीण सरळ तिच्यातून आत शिरली.

"अहो, ठोठावून तरी यायचं!"

आवाज खालून आला. एक माणूस उकिडवा बसून फळीला रंधा मारत होता. केसांत भुसा, भुवयांवर भुसा, आणि त्या भुशातून तिच्याकडं बघणारे दोन मिस्कील डोळे.

"नुसती चौकट आहे. ठोठावू कशावर?" ती म्हणाली.

"तोंडानं ठकठक म्हणायचं. नाटकातली माणसं सगळं तोंडानंच तर करतात."

एखादी रागावून निघून गेली असती. मास्तरीण वळली, चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ठकठक."

त्यानं रंधा बाजूला ठेवला. "कोण आहे?"

"फ्रेंच शिकवणारी मास्तरीण. या कादंबरीचं नाटक करतेय. दिग्दर्शककाका म्हणाले, आधी मिस्त्रींना भेटा, ते हो म्हणतील तेवढंच नाटक होईल."

"मग या की आत," मिस्त्री म्हणाला. दोघांच्याही डोक्यावर उघडं आभाळ होतं.

कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीची, सहाशे पानांची. तिच्यात अकरा घरं, एक नदी, दोन लग्नं आणि घोड्यांचा एक बाजार. मंडळीजवळ एक रंगमंच, पाच नट आणि दोन तास. पहिल्या प्रयोगाला सात आठवडे उरले होते. प्रयोग शनिवारी होता, आणि त्यानंतरच्या सोमवारी मास्तरणीची गाडी. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात तिला नोकरी लागली होती, सहा तासांच्या अंतरावर. होकाराचं पत्र तिनं केव्हाच टाकलं होतं. म्हणजे या गावात तिचे सातच आठवडे उरले होते, आणि मिस्त्रीला तिनं ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"पुस्तक ठेवून जाऊ का?" तिनं विचारलं.

"माझ्याजवळ? अहो, फ्रेंच राहू द्या, आपली अक्षरंच मी पंचविशीत शिकलो. मुंगीच्या चालीनं वाचतो. तुम्ही सांगा, मी काम करता करता ऐकतो."

मग रोज दुपारी वर्ग सुटले की मास्तरीण पत्र्याच्या शेडमध्ये येऊन खोक्यावर बसायची. फ्रेंच पान डोळ्यांनी वाचायची आणि मराठीत सांगायची. मिस्त्रीचे हात चालू असायचे, पण गोष्ट रंगली की रंधा हळू व्हायचा. रंधा थांबला तो प्रसंग नाटकात ठेवायचा आणि चालू राहिला तो कापायचा, असा हिशेब तिनं मनाशी बांधला. त्याला बोलली नाही. घोड्यांचा बाजार असाच गेला. दोन्ही लग्नंही गेली.

उरली ती हातमोजे शिवणारी एक विधवा. भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, घरमालकाला न भिणारी, दिराला दारातून परत पाठवणारी. तिच्यावर एका खलाशाचा जीव जडतो, तिचाही त्याच्यावर. पण तो न सांगता निघून जातो. नऊ वर्षांनी परत येतो आणि तिच्या दाराशी उभा राहतो. कादंबरीच्या शेवटी दोनच ओळी आहेत. तिनं दार उघडलं. मग तिनं दार लावलं.

ते ऐकलं तेव्हा रंधा इतका वेळ थांबला की मास्तरणीला वाटलं, झोप लागली की काय!

"संपलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"संपलं."

चौथ्या आठवड्यात त्यानं बुटांच्या खोक्यात सगळा रंगमंच उभा केला. पुठ्ठ्याच्या भिंती, काड्यापेटीचा पलंग. मागच्या भिंतीत दाराएवढी फट मात्र मोकळीच ठेवली होती.

"दार कुठं उघडतं?" तो म्हणाला. "आत की बाहेर?"

"त्यानं काय फरक पडतो? लावा आत उघडणारं. सगळी दारं आतच उघडतात."

"फरक कसा नाही? ही खोलीत आहे, तो बाहेर आहे. दार आत उघडत असेल तर ते उघडताना हिला एक पाऊल मागं यावं लागणार. बाहेर उघडत असेल तर एक पाऊल पुढं." त्यानं दोन बोटं खोक्यात उभी करून दाखवली. "घरमालकापुढं मागं सरली नाही, दिरापुढं नाही... आणि या माणसापुढं सरणार?"

"पुस्तकात लिहिलंय, दार लावलं. विषय संपला."

"पण कसं लावलं? आतून ढकलून की बाहेर हात घालून, ओढून?"

"मिस्त्री, तुम्ही प्रत्येक गोष्टीत बिजागरी शोधता."

"आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीत दार लावता."

मिस्त्रीचे कान लाल झाले. "म्हणजे... मी कादंबरीचं म्हणतोय."

"मी पण कादंबरीचंच ऐकतेय," मास्तरीण म्हणाली आणि वही उचलून निघाली. जाताना मात्र, सवय झाल्यासारखी, चौकटीतूनच गेली.

घरी आत्या मटार सोलत बसली होती. आई-वडिलांमागं हिनंच भाचीला वाढवलं होतं. घराचं दार जमिनीला घासायचं, उघडताना असं कुरकुरायचं की शेजाऱ्यांनाही कळावं, कोण आलं ते. आत्या म्हणायची, असू दे, कुत्रा पाळायचा खर्च वाचतो.

दोन दिवस मास्तरणीनं कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. बोट ठेवून, ओळ न ओळ.

"काय हरवलंय एवढं?" आत्यानं विचारलं.

"एका बाईचं दार आत उघडतं की बाहेर, ते शोधतेय."

"बरं आहे. आपल्या दाराशी आलेली दोन स्थळं परत पाठवली, आता बस लोकांची दारं शोधत." आत्यानं एक शेंग मोडली. "आणि हे विचारलं कुणी?"

"मिस्त्रींनी."

"हं," आत्या म्हणाली. पुढं काही विचारलं नाही, पण त्या 'हं'मध्ये सगळं विचारून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या प्रकरणात ते सापडलं. बिनमहत्त्वाची ओळ होती. हातमोजेवाली सकाळी दार उघडते, ते बाहेर ठेवलेल्या कुंडीवर आपटतं, मग ती खाली वाकून कुंडी हातभर सरकवते. मास्तरणीनं स्वतःच्याच हातानं त्या ओळीवर लाल पेन्सिलीची रेघ मारली होती. समासात लिहिलं होतं, 'निरुपयोगी'.

बाहेर पाऊस होता. रोजच्यासारखाच, कुणी वर मान करून बघू नये असा. पुस्तक पिशवीत, पिशवी ओढणीखाली, अशी ती शेडमध्ये पोचली तेव्हा पत्र्यावर तडतड चालली होती आणि मिस्त्री बिजागऱ्यांना तेल घालत होता. ती चौकट आता आत आणली होती. तिला खरं दार बसवलं होतं.

"बाहेर उघडतं!" ती धापा टाकत म्हणाली. "कुंडीवर आपटतं ते... मीच कापलं होतं."

त्यानं दाराला बोट लावलं. दार बाहेर उघडलं.

"तुम्ही आधीच तसं बसवलंत?"

"मला ती बाई माहीत झाली होती," मिस्त्री म्हणाला. "कुंडी माहीत नव्हती. चला, करून बघू. तुम्ही ती, मी तो."

ती चौकटीच्या आत उभी राहिली, तो बाहेर. तिनं दार ढकललं. तो समोर उभा होता, केसांवर भुसा, चेहऱ्यावर एरवीचं हसू नाही. आता दार लावायचं. मूठ पार पलीकडं गेली होती. ती धरायची तर उंबऱ्यावर पाऊल ठेवून, त्याच्या खांद्याशेजारून हात लांब करावा लागणार होता. तिनं तो केला. बोटं मुठीला लागली. त्याच्या सदऱ्याला ताज्या लाकडाचा आणि सरसाचा वास येत होता...

"ओढा आता," तो हळूच म्हणाला.

"ओढतेय."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. हात तिथंच होता.

"मास्तरीणबाई, ओढताय ना?"

"जड आहे."

"जड नाही. आत्ताच तेल घातलंय मी."

तिला हसू आलं, त्यालाही आलं. मग दोघांचंही हसू एकदमच ओसरलं, आणि कुणीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला. "सोमवारची गाडी किती वाजताची?"

"दहा वीसची."

"हं," तो म्हणाला आणि बाजूला सरला. तिनं दार ओढून घेतलं. खरंच जड नव्हतं.

दिग्दर्शककाकांना तिनं ते तसंच करून दाखवलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे सहाशे पानं वाचून तू मला एक कुंडी आणून दिलीस?" ते म्हणाले. मग नायिकेला बोलावून तो प्रवेश दहा वेळा करून घेतला, आणि दहाव्या वेळेला म्हणाले, "हात मुठीपाशी जाऊ दे. तिथंच दिवे घालवा."

शनिवारी तसंच झालं. हातमोजेवालीनं दार ढकललं, उंबऱ्यावर आली, त्या खलाशाच्या खांद्याशेजारून हात लांब केला. बोटं मुठीवर टेकली आणि अंधार झाला. मग टाळ्या. बाहेर पडताना लोक भांडत होते, लावलं तिनं की नाही लावलं! एक आजोबा आपल्या बायकोला म्हणत होते, "लावलं." आजी म्हणत होत्या, "तुम्हाला काय कळतं?"

मास्तरीण विंगेत गेली. मिस्त्री भिंतीमागं चौकट घट्ट धरून बसला होता. नाटकभर तिथंच होता म्हणे, नायिकेनं धक्का दिला की भिंत हलू नये म्हणून. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, त्यानं मात्र दाराची पाठच पाहिली होती.

"छान झालं का?" त्यानं विचारलं.

"छान झालं." तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. आज तो काहीतरी बोलेल, असं तिनं दिवसभर मनाशी धरलं होतं. पण लोक हार घेऊन आले, काकांनी तिला ओढून नेलं, आणि परत आली तेव्हा भिंती उतरवून झाल्या होत्या.

रविवारी सकाळी तिची ट्रंक अर्धी भरली होती. आत्या वरच्यावर येऊन एक वस्तू टाकून जात होती, मास्तरीण ती काढून ठेवत होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"ठकठक."

आत्यानं कान टवकारले. "हे कोण तोंडानं दार वाजवतंय? हात नाहीत का त्याला?"

मास्तरणीच्या हातातली साडी घडी मोडून खाली पडली. दाराशी जाईपर्यंत तिनं केस दोनदा मागं सारले.

"कोण आहे?" तिनं आतूनच विचारलं.

"मिस्त्री. हातात सामान आहे."

दार नेहमीसारखं अडलं. दोन्ही हातांनी खेचत, मागं मागं सरत तिनं ते कुरकुरत उघडलं. बाहेर तो उभा होता. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्यात रंधा. धुतलेला शर्ट, आणि आज केसांत भुशाचा कण नाही. भुशाशिवाय तो थोडा अनोळखीच दिसत होता.

"तुम्ही एकदा म्हणाला होता, घरचं दार घासतं. म्हटलं, तुम्ही जायच्या आधी..." त्यानं दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं. "मागं सरलात."

"आमचं दार आत उघडतं," ती म्हणाली. "आलेल्या माणसाला जागा द्यायची तर मागं सरावंच लागतं."

मिस्त्रीनं हे नीट ऐकून घेतलं. कादंबरी ऐकायचा तसं. मग रंधा खाली ठेवला.

"थांबा असं म्हणायला नाही आलो," तो म्हणाला. "काल तेच म्हणून बसेन, अशी भीती वाटली. म्हणून भिंती उतरवत बसलो. तुमची नोकरी तुम्ही मिळवलीय, जाणाऱ्याच्या वाटेत मी उभा राहणार नाही. पण सहा तास म्हणजे काही समुद्र नाही. आणि मी नऊ वर्षं घालवणारा माणूस नाही... एका आड एक रविवारी मला सुट्टी असते."

"असते. मग?"

"मग तिथं येऊन दार वाजवलं तर? लावायचं असलं तर आत्ताच सांगा. मुंगीच्या चालीनं का होईना, मला कळतं."

आत ट्रंकेपाशी चाललेली आत्याची खुडबूड केव्हाच थांबली होती.

"तिथं मला एक खोली मिळालीय," मास्तरीण म्हणाली. "अजून पाहिली नाही मी. दार कुठं उघडतं, ते काही माहीत नाही."

"मग कळणार कसं?"

"तूच ये ना बघायला."

ती दाराला पाठ लावून आणखी एक पाऊल मागं सरली. मिस्त्रीनं पिशवी उचलली, रंधा मात्र बाहेरच विसरला, आणि आत आला.

"आत्या," मास्तरणीनं हाक मारली, "दार दुरुस्त करायला आलेत."

"करू देत," आत्या आतून म्हणाली. "पण सावकाश करा म्हणावं. जेवूनच जा."