शंखात उरलेला श्वास

या, असे जवळ सरकून बसा. टाळ ठेवा खाली. बुवांना यायला अवकाश आहे. तोवर या शंखाची हकिगत सांगतो. हो, हाच, ताम्हनातला. आधी ऐकून घ्या, मग ज्याला हात लावायचा त्यानं लावा.

गोष्ट एकोणीसशे बासष्टची. सारसोळ्याच्या खाडीकाठी तेव्हा एक लहानसा दवाखाना होता आणि त्यात कमळाकर नावाचा कंपाउंडर. गळ्यात तुळशीची माळ, मासळी वर्ज्य, माणूस मायाळू. कीर्तन म्हटलं की जेवणसुद्धा विसरायचा. याच मारुतीच्या देवळात कीर्तनाआधी शंख फुंकायचा मान त्याचाच. एका दमात पार मिठागरापर्यंत आवाज जायचा.

त्या उन्हाळ्यात त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात आठ दिवस शिकायला पाठवलं होतं. बुडालेल्याचं हृदय थांबलं तर काय करावं, यावर तिथं संशोधन चालू होतं. जुनी रीत म्हणजे माणसाला पालथं घालून पाठ दाबायची. तिनं छातीत जेमतेम हवा जाते, हे डॉक्टरांनी यंत्रावर मोजून दाखवलं. नव्या रीतीत छाती तालात दाबायची आणि मधे मधे तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याच्यात भरायचा, मिनिटाला बारा. निघताना डॉक्टरांनी एक वही हातात दिली. "जे कराल तेच लिहा. या नोंदींवरूनच पुढे गावोगाव काय शिकवायचं ते ठरेल."

भाद्रपदातल्या एका सकाळी भरतीत रोहिदासची होडी उलटली. रोहिदास कोळी, कीर्तनाला मागच्या खांबाशी बसणारा. त्याला आणून दवाखान्याच्या पायरीवर निजवलं. नाडी लागेना. कमळाकर गुडघे टेकून त्याच्या तोंडावर वाकला, आणि ताडीचा, सुक्या जवळ्याचा भपकारा नाकात शिरला.

त्याचा हात आपसूक माळेकडे गेला.

त्यानं रोहिदासला पालथं घातलं आणि पाठ दाबायला सुरुवात केली.

"अवो कंपौंडर, तोंडान फुका ना!" रोहिदासची बायको बायजा ओरडली. "परवा तुमीच सांगत व्हताव समद्यांना!"

"करतोय ना! बाजूला हो तू."

अर्ध्या तासानं त्यानं रोहिदासच्या तोंडावरून धोतर ओढलं. मग आत जाऊन वहीत लिहिलं : 'नवी रीत वापरली. गुण आला नाही.' अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, याचंच त्याला नंतर वाईट वाटत राहिलं.

एकादशीला दुपारी कीर्तन होतं. कमळाकरनं शंख ओठांना लावून फुंकला. आवाज निघाला नाही. श्वास आत गेला आणि जातच राहिला, जणू पलीकडून कोणी ओढून घेत होतं.

"काय कंपाउंडर, उपास झेपेना वाटतं!" बुवा हसले. मंडळीही हसली. धर्मा गुरवानं शंख घेऊन फुंकला, तर खणखणीत वाजला.

कमळाकरनं पुन्हा ओठ लावले. या खेपेला श्वास परत आला. ऊबदार. ताडीचा, सुक्या जवळ्याचा.

त्यानं शंख गरम पाण्यानं धुतला, मग खाडीच्या पाण्यानं. दुसऱ्या दिवशी ताम्हनात शंखाच्या तोंडाशी तुळशीचं पान वाहिलं. वारा नव्हता. पान उचललं जाई आणि पडे. नाडी बघायच्या सवयीनं त्यानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला बारा.

ती नोंद त्यानं मुंबईला कळवली होतीच; पंधरवड्यानं डॉक्टरांचं पत्र आलं. 'तुमच्या नोंदीमुळे संभ्रम पडला आहे. खाडीकाठच्या गावांना ही रीत शिकवायचा बेत तूर्त थांबवतो.' पत्र वाचताना त्याचे कान तापले. आता पुढचा जो कोणी बुडेल, तो त्याच्या एका ओळीनं बुडणार होता.

तो बायजाकडे गेला. ती अंगणात जाळं सोडवत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"माना ठाव हाय," ती म्हणाली. "मी तुमचे हाताकडं बगत व्हती." मग तिनं विचारलं, "तो वाचला असता?"

"ठाऊक नाही गं."

"ठाव नाय, तं फुकून बगाचं व्हतं." तिनं गाठ दातानं तोडली. "शंक पन आमचे दर्याचाच ना वो? मेल्या जीवाचा. त्याला बरे तोंड लावताव."

कमळाकर तसाच दवाखान्यात गेला, वहीतली ओळ खोडली, खरं लिहिलं, खाली सही केली आणि डॉक्टरांना पत्र टाकलं. तिथून थेट देवळात आला.

दुपारची उन्हं गाभाऱ्यापर्यंत आली होती. देवळात कोणी नव्हतं. त्यानं गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवली आणि शंख उचलला.

ओठ लावले. श्वास दिला. थांबला. पुन्हा दिला.

मिनिटाला बारा.

शंख कोमट झाला. मग अंगाइतका गरम.

शंखाच्या कडेला ओठ नव्हते. तरी त्याच्या ओठांना ओठ लागले.

भपकारा आला. त्यानं तोंड काढलं नाही.

अर्ध्या तासानं शंख खोकला.

त्याच्या ओंजळीत खाडीचं पाणी सांडलं, तळाच्या काळ्या गाळासकट.

पुढच्या एकादशीला शंख पूर्वीसारखा वाजला. फक्त कमळाकरनं तो ओठांपासून काढल्यावरही वाजतच राहिला. एक श्वास जाऊन यावा एवढा वेळ. कमळाकर गेल्याला आता किती वर्षं झाली. आजही कोणीही फुंको, तेवढा आवाज मागे उरतोच. म्हणून इथले बुवा लगेच नमनाला सुरुवात करत नाहीत.

तेव्हा आज शंख खाली ठेवला, की तुम्हीही बोलू नका. तेवढ्या एका श्वासात आठवण काढा रोहिदासची. मागच्या खांबाशी बसायचा तो. त्या खांबापाशी जागा सोडून बसा.