खालच्या अंगानं ये

"अहो, वरून नको! वरून नको—"

यामिले ओरडली, पण तोवर तो माणूस रबरी बुटांसकट ओढ्यात उतरलाही होता. धपकन्! तळाचा गाळ उसळला आणि तिच्या जाळीत गुळाच्या पाण्यासारखं तपकिरी पाणी भरलं.

"ओढ्यात खालच्या अंगानं शिरायचं असतं," ती फणकारली. "तुम्ही वर नाचलात की गाळ सगळा माझ्याकडे! किडे काय दिसणार, कपाळ?"

"किडे? मला वाटलं, मासे धरताय."

"या ओढ्यात? मासे?" हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं... पण हसली.

तो आर्ले. बसचा ड्रायव्हर, कोलंबियातल्या मेडेलिन शहराच्या चढावरच्या यामिलेच्या वस्तीत नुकताच राहायला आलेला. चर्चच्या दारावर 'ओढा तपासायला माणसं हवीत' असं वाचून आला होता. निम्म्या वस्तीला ओढ्यावर सिमेंटचं झाकण हवं होतं — मेलेलं पाणी, म्हणे, कशाला उघडं ठेवायचं? पण चांगल्या पाण्यातच तगणारा तीन शेपट्यांचा किडा सापडला, तर वस्तीच्या सभेत यामिले ठणकावून सांगणार होती, ओढा जिवंत आहे म्हणून. काठावर आजीच्या मांडीत बसणारी तिची चिमुकली लेक सालोमे सिमेंटवर नाही, पाण्याकाठी वाढायला हवी होती.

आर्ले दर रविवारी यायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"तुझ्या हातात दगडसुद्धा लाजतो बघ," तो म्हणायचा.

"दगड लाजत नसतात. जाळी सरळ धर."

पण रात्री सालोमेला थोपटताना ती स्वतःला बजावायची — सांभाळ. पोरीचा बाप असाच धपकन् आयुष्यात उतरला होता, आणि सगळं गढूळ करून निघून गेला होता.

सभेआधीचा शेवटचा रविवार उजाडला. जाळीत अळ्या आणि जळवा, दुसरं काही नाही. आर्लेचाही पत्ता नव्हता.

"आला नाही ना तुझा ड्रायव्हर?" आईनं काठावरून विचारलं.

"माझा कसला?" यामिलेनं दात आवळले आणि पुढचा गोटा हलकेच उलटला...

गोट्याच्या ओल्या पाठीवर काहीतरी वळवळलं. बारीक. तीन शेपट्या!

तिनं गोटा तळहातावर अलगद पेलला. तेवढ्यात खालून पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज आला. आर्ले वळणावरून चालत येत होता. गुडघ्यांपर्यंत भिजलेला, आरेपाचं, मक्याच्या गरम भाकऱ्यांचं पुडकं डोक्यावर धरून, धापा टाकत.

"बसचा थांबा तर वर, पुलापाशी आहे!" ती म्हणाली. "दोन पावलांवर होतास की."

"वरून उतरलो असतो, तर तुझं पाणी गढूळ झालं असतं." तो थांबला. "म्हणून टेकडीला वळसा घालून आलो. यामिले... मला आयुष्यभर असंच यायचंय. तुझं काही न ढवळता. वेळ लागला तरी चालेल."

तिनं काठाकडे पाहिलं. सालोमे पुडक्याकडे बोट दाखवत होती. आई मात्र मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

यामिलेनं तो ओला गोटा अलगद पुढे केला. "आधी याला बघ. उद्या सभेत माझ्या शेजारी उभा राहशील?"

"आणि परवा?"

"परवासुद्धा," ती म्हणाली, आणि रिकामा हात त्याच्यापुढे धरला. "ये. खालच्या अंगानंच आलायस ना... मग ये."