मुळीचं नाव

वडिवळ्याच्या फाट्यावर स्कूटी थांबली, तेव्हा सत्यमच्या काखेत गाठोडं होतं आणि म्हणून त्याला बोलता येत नव्हतं.

गाठोड्यात खोकल्याच्या औषधाची मुळी होती. त्याची आई सरुबाई ते औषध द्यायची, तिच्या आधी तिची सासू द्यायची. आदल्या संध्याकाळी झाडापाशी हळद-तांदूळ ठेवून आमंत्रण द्यायचं, सकाळी मुळी खणायची आणि ती आईच्या हातात पडेपर्यंत वाटेत कुणाशी बोलायचं नाही, असा घरचा रिवाज. बोललं की गुण जातो. सरुबाईचे गुडघे दोन वर्षांपासून धरले होते, म्हणून आता डोंगरात सत्यम जायचा. तळेगावच्या कंपनीत त्याची दुपारची शिफ्ट असायची. सकाळ मोकळी.

त्या भाद्रपदात मुळीला फार मागणी होती. गणपतीला पुण्या-मुंबईची माणसं गावी आली आणि जाताना खोकला ठेवून गेली. घरटी दोन माणसं तापानं पडलेली.

"दादा, आरोग्य उपकेंद्र कुठे आहे?" स्कूटीवरच्या मुलीनं विचारलं. रेनकोटची टोपी मागे सरकलेली, कपाळाला केस चिकटलेले, चष्म्यावर थेंब. चष्मा पुसायला तिच्या अंगावर कोरडं काही नव्हतं.

सत्यमनं डावीकडे मान केली.

"डावीकडे? मग सरळच जायचं?"

त्यानं मान डोलावली. मग त्याला पुलाजवळचा दुसरा फाटा आठवला. तिथं उजवीकडे... हे मानेनं कसं सांगायचं? त्यानं दोन्ही हातांनी पूल केला, मग वळण केलं. गाठोडं पडता पडता राहिलं. मुलगी बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"तुम्हाला — बोलता — येत नाही का?" ती मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "ऐकू — येतं?"

सत्यमला हसू आलं, पण हसण्याचाही आवाज होतो. त्यानं ओठ मिटून घेतले आणि स्कूटीच्या पुढे चालू लागला. अर्धा किलोमीटर तो पुढे आणि ती मागे. उपकेंद्राच्या दारात तिनं त्याला हात जोडले आणि पिशवीतून एक चॉकलेट काढून त्याच्या हातावर ठेवलं.

घरी गाठोडं आईला दिल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "नवी मॅडम आलीय."

दोन दिवसांनी तो उपकेंद्रात गेला.

"मॅडम, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या पायजे होत्या."

तिचा पेन थांबला. "तुम्ही बोलता?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दीड वर्साचा होतो तवापासनं."

मग त्यानं मुळीचं आणि रिवाजाचं सगळं सांगितलं. तिनं हाताची घडी घालून ऐकून घेतलं. ती चैताली, वलवणची. नर्सिंग करून पहिल्यांदाच गावात नेमणूक झाली होती.

"माझं चॉकलेट परत द्या," ती म्हणाली.

"खाल्लं."

"ते मुक्या माणसाचं होतं."

"मुकाच होतो की तवा."

ती हसली नाही. पण गोळ्यांच्या पाकिटावर वेळ लिहिताना तिनं सकाळच्या जागी संध्याकाळ लिहिलं आणि खोडलं. सत्यमनं ते पाहिलं.

त्यानंतर तो रोज जायला लागला. आईच्या गोळ्या महिन्याच्या मिळाल्या होत्या, म्हणून स्वतःचा घसा दाखवायचा.

"आ करा," चैताली बॅटरी लावून म्हणायची. "घसा ठणठणीत आहे. जरुरीपेक्षा जास्तच चालतो."

"आजून एकदा बगा ना..."

"बाहेर अकरा माणसं खोकतायत, सत्यम."

तिनं पहिल्यांदा नाव घेतलं होतं. तो बाहेर येऊन त्या अकरा माणसांत उगाच बसून राहिला.

एका दुपारी पेशंट संपल्यावर तिनं विचारलं, "मुळी कसली आहे?"

"न्हाई सांगता येत."

"काढ्याला अडुळशाचा वास येतो. अडुळसा माझी आजीही द्यायची, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण दुसरं जे आहे ते मला कळायला हवं. माझे निम्मे पेशंट ते पितात, आणि वर बीपीच्या, हृदयाच्या गोळ्याही घेतात."

"आईनं गळ्याची शपथ घातलीय. नाव फकस्त घरच्याला सांगायचं. माझ्या बहिणीला बी न्हाई सांगितलं, ती लगीन होऊन जानार म्हनून. आईला बी ते लगीन होऊन ह्या घरात आल्यावरच कळलं."

"म्हणजे नाव सुनेला सांगतात?"

"...व्हय."

चैतालीनं रजिस्टर मिटलं. "फारच महाग आहे तुमची मुळी."

तिचे कान लाल झाले होते. सत्यमला त्या दिवशी कंपनीची बस चुकली.

आठवड्यानं शेजारचे महिपती आबा बसल्या जागी धापा टाकायला लागले. सत्तरीचे गृहस्थ, हृदयाच्या गोळ्या चालू. खोकल्यावर चार दिवस ते फक्त सरुबाईचा काढा घेत होते आणि तो सत्यमच नेऊन देत होता. त्यानं त्यांना पाठीवर घेऊन उपकेंद्र गाठलं. चैतालीनं बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. अठ्ठ्याऐंशी. तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि तळेगावच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्यांची नावं विचारली, मग विचारलं, "आणखी काय घेतलंय?"

"काढा."

"कशाचा?"

चैतालीनं सत्यमकडे पाहिलं. दारात निम्मं गाव जमलं होतं. आबांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"सत्यम, नाव सांगा."

आईच्या गळ्याची शपथ होती. समोर आबांची नखं निळी पडत होती.

तिनं फोन त्याच्यापुढे धरला. "मला नको तर डॉक्टरांना सांगा. पण सांगा."

त्यानं फोन हातानं बाजूला केला, वाकला आणि तिच्या कानात नाव सांगितलं. तीन अक्षरं. तिच्या केसांना डेटॉलचा वास येत होता.

ती फोन घेऊन आत गेली आणि डॉक्टरांशी बोलली. काढा बंद करा, ऑक्सिजन लावूनच आणा, असं ते म्हणाले. ॲम्ब्युलन्स आली आणि आबा गेले.

न्यूमोनिया निघाला. सहा दिवसांनी आबा घरी आले, काठी टेकत, पण स्वतःच्या पायानं. पण सरुबाईनं औषध देणं थांबवलं होतं. माणसं दारात येऊन परत जात होती.

"नाव फुटलं," ती सत्यमला म्हणाली. "गुण ऱ्हायला का गेला, कुनाला ठावं? मी कशाच्या जिवावर देऊ?"

सत्यम आता उपकेंद्रातही जात नव्हता. गेला असता तर काय बोलला असता?

रविवारी सकाळी चैतालीच घरी आली. आज तिला सुट्टी होती, रेनकोटच्या आत चांगला पंजाबी ड्रेस होता.

"मावशी, नाव मी डॉक्टरांशिवाय कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही औषध बंद करू नका. फक्त ज्याला धाप लागेल, त्याला आधी माझ्याकडे पाठवा."

"ते पाठवीन," सरुबाई म्हणाली. "माझी अडचन येगळी हाय. घरच्याबिगर नाव कुनाला ठावं नसतंय. तुला ठावं हाय, आन् तू घरची न्हाईस. आता कसं करायचं?"

"मावशी, त्या वेळी आबांचा जीव..."

"आगं, फोन हुता की म्होरं. त्यात सांगायचं. सगळ्या गावानं बघितलं, ह्यो कानाशी गेला." ती सत्यमकडे वळली. "का रं?"

पन्हाळीचं पाणी अंगणात पडत होतं.

"आबांसाठी सांगितलं," सत्यम म्हणाला. "ते खरंय. पन... फोनात सांगता आलं असतं, ते बी खरंय."

"मग?" चैतालीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मग... दुसरं कुनी असतं तर फोनातच सांगितलं असतं. तुमाला सांगायचंच हुतं. आबांच्या आधीपासनं."

चैतालीनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"डॉक्टरांनाही कळलंय ते," ती सरुबाईला म्हणाली. "त्यांचं काय करायचं?"

"त्येंना बायकू हाय," सरुबाई म्हणाली. "तुजं बोल."

चैताली हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि या वेळी चष्मा खरोखरच पुसावा लागला.

"पुढच्या रविवारी आई-बाबा घरीच आहेत," ती म्हणाली. "वलवणला, धरणाच्या रस्त्याला. पिवळं गेट आहे."

"जेवायला थांबनार न्हाई आमी," सरुबाई लगेच म्हणाली. "पयल्या खेपंला नुसता च्या."

"चहा मी करणार नाही, आधीच सांगते. मला नीट येत नाही."

"मला येतो," सत्यम म्हणाला.