हळदीचा रिकामा पाट

पटो अगर न पटो, हे घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर. आणि रात्री नाही, भर दुपारी.

२००४ सालचा मे महिना. नाशिक, मखमलाबाद नाका. माझा मावसभाऊ अमोल तिथे लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. मी त्याच्याकडे काम शिकत होते.

लगीनसराईत आमची एकच बोंब, कॉम्प्युटर अडकतो. त्यावर उपाय म्हणजे रेड. एकाच फिल्मचे तुकडे करून दोन डिस्कवर वाटायचे, म्हणजे काम पटापट उरकतं. ही वाटणी एक महागडं कार्ड करतं, ते हार्डवेअर रेड. नाहीतर विंडोज फुकटात करतं, ते सॉफ्टवेअर रेड. कार्ड घ्यावं की नाही, या विचाराने अमोलदादाचं डोकं फिरलं होतं. शेवटी एका दुकानदाराने कार्ड वापरून बघायला दिलं. दोन डिस्क कार्डाला, दोन विंडोजला. एकच फिल्म दोन्हीकडे चालवायची आणि वेग बघायचा.

फिल्म घेतली प्रतिभाच्या हळदीची.

प्रतिभा ही मखमलाबादच्या गोजराबाईंची लेक. घरची गुलाबाची शेती. लग्नाला वर्षही झालं नाही आणि ती सासरच्या विहिरीत सापडली. हळदीची सीडी न्यायची राहूनच गेली होती. त्याच दुपारी गोजराबाई ती न्यायला येणार होत्या. लेकीचं हलतं-बोलतं एवढंच उरलं होतं.

कॅसेटवर दादाने केव्हाच दुसरं लग्न शूट केलं होतं. सगळे तेच करायचे. कॉम्प्युटरमध्ये घेतलं की कॅसेट परत कामाला. जुनी डिस्कही या चाचणीत वापरायची म्हणून पुसून झाली होती.

म्हणजे प्रतिभा आता फक्त या दोन ठिकाणी होती, कार्डाच्या डिस्कवर आणि विंडोजच्या.

आधी कार्ड. फिल्म कुठेही न अडकता चालली. पाटावर पिवळ्या साडीत प्रतिभा, मान खाली. मागे गोजराबाई. बायकांची गाणी.

मग विंडोज. हळू, पण चालली. तोच मांडव. त्याच बायका. आणि पाटावर...

कोणीच नव्हतं.

बायका हळद घेऊन वाकत होत्या. हवेतच बोटं फिरवत होत्या. पाटावर मात्र हळदीचा एकही ठिपका पडत नव्हता.

मी पडद्याजवळ सरकले.

"फ्रेम उडाल्या असतील," दादा म्हणाला.

"फ्रेम उडाली तर सगळेच उडतील ना रे? एकटी तीच कशी उडेल?"

त्याने घाईघाईने कार्डावरची फिल्म परत लावली. प्रतिभा होती. जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात गाणी थांबली. बायकांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. फक्त बांगड्या... कुणा एकीच्याच.

प्रतिभाने मान वर केली. थेट आमच्याकडे बघितलं.

मग ती उठली. कॅमेऱ्याकडे चालत आली. जवळ... अजून जवळ... सगळा पडदा पिवळा झाला.

आणि पाट रिकामा.

दादाने वायर उपटली. कॉम्प्युटर बंद झाला. डिस्क मात्र फिरतच होत्या... कर्र... कर्र...

आणि आमच्या पाठीमागे, बांगड्या.

मागे वळायची माझी हिंमत झाली नाही.

दार वाजलं. गोजराबाई आल्या होत्या.

"झाली का बाबा शीडी?"

दादा माझ्याकडे बघू लागला. मीच म्हणाले, "मावशी, फिल्म बिघडली. त्यात प्रतिभाताई दिसत नाही."

"दाव मला."

दादाने वायर जोडून परत सगळं सुरू केलं. दोन्हीकडे पाट रिकामाच. पण यावेळी मला अजून एक दिसलं. फिल्ममधल्या गोजराबाईंचा हात हवेत होता. कुणाचा तरी खांदा खाली दाबल्यासारखा.

गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ती उठत व्हती, पोरी. म्हनली, आई, मला नाय करायचं हे लगीन. मीच दाबून बसवली."

मग त्या आमच्या मागच्या कोपऱ्याकडे बघू लागल्या. हळूच हात पुढे केला.

"उठलीस ना बाई आता? चल मंग. घरी चल."

बांगड्या वाजल्या. एकदाच.

गोजराबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथे हात पुढे करून कितीतरी वेळ उभ्या होत्या. मग तो हात खाली आला.

"नाय येत म्हनती," एवढंच बोलल्या आणि एकट्याच गेल्या.

दादाने ते कार्ड परत केलं, डिस्क गोदावरीत टाकल्या, मिक्सिंग सोडलं. मी मात्र आजही कुणाच्या हळदीला जात नाही. बोलावणं आलं की काहीतरी कारण सांगते. पाटावर बसलेल्या नवरीकडे बघायची मला भीती वाटते.