खेळावर घातलेला आळ

"लोर्ना, सोमवारी तो पोरगा गुन्हा कबूल करणार. आणि खापर फोडणार व्हिडिओ गेमवर!" सरकारी वकील डेस्मंड फोनवर ओरडत होता.

"कशावर?"

"गाड्यांच्या शर्यतीच्या गेमवर! दिवसभर तेच खेळत होता म्हणे, वर दारू प्यायला, आणि खरा रस्ता त्याला पडद्यावरचा वाटला. त्याला तुरुंग नको, उपचार द्या, असं त्याची वकीलबाई म्हणणार."

सार्जंट लोर्ना ह्रिनचुकने फोन आपटला. तो गेम ती स्वतः कित्येक वर्षं खेळत होती आणि आजवर तिने कोणाची कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती.

जानेवारीत ती रजेवर असताना कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या तिच्या गावाबाहेरच्या चौकात एका पिकअप ट्रकने आगाथा पेनरची मोटार उडवली. आगाथा जागीच गेली. पोलीस पोचले तेव्हा वीस वर्षांचा टॅरेन लिंडक्विस्ट ट्रकशेजारी बर्फात बसला होता. तोंडाला व्हिस्कीचा भपकारा. "मीच चालवत होतो," तो म्हणाला आणि तपास तिथेच संपला.

डेस्मंडचा फोन आला त्याच दिवशी आगाथाचा नवरा मेनो पुन्हा ठाण्यात आला.

"मला सूड नको, बाई. पण गेमने मारलं म्हणतात? मग मी घरी जाऊन शिव्या कोणाला देऊ, टीव्हीला?"

लोर्ना उठून आवारातला ट्रक बघायला गेली.

पुढचा भाग चेपला होता. जाळीतून इंजिन गरम ठेवायची वायर बाहेर आली होती आणि तिला जोडलेली लांबलचक नारिंगी वायर खाली लोळत होती. टोकाच्या प्लगवर निळा रंग फासलेला. लोर्ना तशीच पुढे गेली. उणे तीस अंशांत गाडी विजेला जोडली नाही तर सकाळी पायी जावं लागतं, त्यामुळे इथे हिवाळ्यात प्रत्येक गाडीला असं शेपूट असतंच. मग ती थबकली आणि मागे फिरली.

वकीलबाई व्हिटकॉम्ब यांच्या ऑफिसात टॅरेन मान खाली घालून बसला होता.

"ट्रक कुठून काढलास?"

"घरच्या गॅरेजमधून."

"वायर लावलेली होती?"

"कशाला? आमचं गॅरेज गरमच असतं."

"खेळत कोणाबरोबर होतास?"

पोराने वकीलबाईंकडे पाहिलं. व्हिटकॉम्बबाई पुढे सरसावल्या. "तो दिवसभर खेळत होता, याचा पुरावा आहे आमच्याकडे."

"पुराव्याबद्दल नाही विचारलं, बाई. माणसांबद्दल विचारलं."

"असतात चारपाच जण," टॅरेन पुटपुटला. "कुठले कुठले."

त्याचा बाप गार्थ गावात गाड्या विकायचा. लोर्नाला बघून तो हसला. "ये, ये! शेवटी ते खटारं बदलायचं ठरवलंस वाटतं?"

"त्या संध्याकाळी कुठे होतास, गार्थ?"

"कर्लिंग क्लबात. बर्फावर दगड सरकवत. डॅनिलोच्या टीमने धुतलं आम्हाला."

"मग?"

"सरळ घरी. ट्रक गॅरेजमध्ये लावला आणि झोपलो. कार्ट्याने किल्ली कधी पळवली कळलंही नाही."

"प्यायला होतास?"

"एक थेंब नाही. दारू पिऊन चालवल्याबद्दल दोनदा शिक्षा झालीये मला. तिसऱ्यांदा आत गेलो तर धंदा बुडेल."

तिथून लोर्ना क्लबात गेली, आणि मग तिने एक लांबचा फोन लावला.

सोमवारी कोर्टातल्या छोट्या खोलीत तिने सगळ्यांना बसवलं. मेनोला बघून व्हिटकॉम्बबाईंनी नाक मुरडलं. "यांचं इथे काय काम?"

"बायको यांची गेलीये," लोर्ना म्हणाली. "हे बसणार. नको असेल तर तुम्ही बाहेर थांबा."

तिने नारिंगी वायर टेबलावर टाकली.

"ही कोणाची, गार्थ?"

"मला काय माहीत!"

"क्लबाची. चोरीला जाऊ नयेत म्हणून ते प्लगला निळा रंग लावतात. वायर न काढताच गाडी हाकायची चूक इथे प्रत्येकाने एकदा तरी केलीये, मीही केलीये. पण तू म्हणतोस, ट्रक घरी गॅरेजमध्ये लावला. लावला असतास तर दारात हे शेपूट दिसलं असतं. ट्रक घरी गेलाच नाही. क्लबातून निघाला, तो थेट आगाथावर आदळला."

गार्थने मेनोकडे बघायचं टाळलं.

"दुसरं. तुम्ही हरलात. कर्लिंगमध्ये जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं असतं, आणि न बसता उठून जाणाऱ्याला पुढच्या मोसमात कोणी टीममध्ये घेत नाही. डॅनिलोला विचारलं मी. तू बसलास, आणि सगळे उठले तरी बसून राहिलास."

"एवढ्यावरून मला आत टाकणार?" गार्थ गुरकावला.

"नाही. त्यासाठी गेम आहे ना! वकीलबाईंनी दिवसभराच्या खेळाचा पुरावा गोळा केला, पण बरोबर खेळणाऱ्यांना कोणी एक शब्द विचारला नाही. गेमच आरोपी ठरला, मग त्याला साक्षीला कोण बोलावणार? त्यातली एक दूर हॅलिफॅक्स शहरातली नर्स आहे. खेळता खेळता कानातल्या हेडफोनवर तिला टॅरेनचा फोन वाजलेला ऐकू आला. मग त्याचा आवाज. 'बाबा? कुठल्या चौकात? कोणाला लागलं का?'"

मेनोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लोर्ना टॅरेनकडे वळली. "तू धावत गेलास. बापाने आपली व्हिस्कीची बाटली तुझ्या हातात दिली, दोन घोट प्यायला लावले आणि स्वतः शेतातून चालत घरी गेला. बरोबर?"

"म्हणाले, तुझ्यावर आधीचा एकही गुन्हा नाही," टॅरेनने सांगून टाकलं. "गेमचं सांगू, सगळ्यांना पटेल. वसंतात घरी येशील."

"पटलंच असतं!" गार्थ उसळला. "नाहीतरी तू आयुष्य त्या खेळातच घालवतोयस! माझं मात्र सगळं जाईल!"

टॅरेन उभा राहिला. त्याच्या मनात बापाचं भय होतं, पण आता राग त्याहून मोठा होता. "त्या खेळात मी धडकलो तर मीच हरतो, बाबा. माझ्या जागी दुसऱ्याला नाही हरवता येत."

बाहेर त्याचं नाव पुकारलं गेलं.

न्यायाधीशबाईंनी आरोप वाचला. "गुन्हा कबूल आहे?"

"नाही. ट्रक माझे बाबा चालवत होते."

"म्हणजे तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात. त्याचीही शिक्षा होते, ठाऊक आहे?"

"हो," टॅरेन म्हणाला. "ती द्या. ती माझी आहे."