एका श्वासाचा उशीर

मुकुलने तिच्या पोटरीवरच्या ओल्या प्लास्टरवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली आणि जानकीचा पाय असा उसळला, की खालची बादलीच कलंडली. पांढरं पाणी त्याच्या चपलांतून, पँटवरून, थेट भिंतीपर्यंत.

तो जागचा हलला नाही. ओल्या पायांनी उभा राहून म्हणाला, "प्लास्टर सुकलंय का, एवढंच बघत होतो."

"सॉरी... मला वाटलं—"

"काय वाटलं?"

काय वाटलं ते सांगण्यासारखं असतं, तर दोन वर्षं तिने अशी अर्ध्या झोपेवर काढली असती का?

"राहू दे," तो हसला. "आंघोळ घातलीस मला. आता अहो-जाहो कशाला? मी मुकुल. आणि पाय हलवू नकोस, नाहीतर साचा हत्तीच्या पायाचा निघेल."

"आहेच माझा पाय तसा."

"नाही," तो खाली बघत म्हणाला, जरा जास्तच हळू. "तसा काही नाही."

मुलुंड पश्चिमेला, एका दवाखान्याखाली सहा पायऱ्या उतरून जायचं, असं त्याचं दुकान. मोडल्या-सांधल्या हातापायांना तो आधाराचे पट्टे बनवून द्यायचा. आधी अंगावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर तापवलेलं प्लॅस्टिक, मग बिजागऱ्या, मग बांधायचे बंद. जानकीचा डावा गुडघा फाटून दोन वर्षांनी, आत्ता कुठे शिवलेला होता. तो पुन्हा वाकायला, सरळ व्हायला शिकत होता, एखाद्या हट्टी पोरासारखा.

जाळीच्या पिंजऱ्यात उतरायचं आणि कुस्ती, ठोसे, लाथा, सगळ्यांनी लढायचं, तो खेळ जानकी सहा वर्षं खेळली. भांडुपच्या चाळीत तिच्या फोटोचा बॅनर लागला होता. त्या खेळात एक नियम बाकी सगळ्यांहून मोठा. समोरच्याने हाताने दोनदा थापटलं, की तो हरला. सोडायचं. त्याच क्षणी.

गोरेगावच्या एका लढतीत समोरच्या मानसीचा उजवा हात जानकीच्या दोन्ही हातांत अडकला होता. मानसीचा डावा हात जानकीच्या पोटरीवर पडला. एकदा, दोनदा. पंच पलीकडच्या बाजूला होता. जानकीला कळलं. कळलं, तरी तिने एक श्वास जास्त धरून ठेवलं. हॉल तिचं नाव घेत होता आणि ते नाव इतकं गोड लागत होतं... तेवढ्या श्वासात मानसीचं कोपर गेलं.

पंचाने जिंकली म्हणून जानकीचा हात वर केला. पुढच्याच लढतीत तिचा गुडघा गेला. लोक म्हणाले, पायाने घात केला म्हणून पोरीने खेळ सोडला. तिने म्हणू दिलं. तिच्या आईची एक ओवी होती, तांदूळ निवडताना आई ती गुणगुणायची, आणि जानकीला वाटायचं की आईला सगळं कळलंय.

काटा रुतला गं पायी, दिसेना कुणाला
हसऱ्या मुखाच्या आड, ठणका मनाला

गुडघ्याचा पट्टा तयार झाला, आणि सारखा सैल होऊ लागला. मंगळवारी सैल, शुक्रवारी सैल. बिजागरी कुरकुरते म्हणून एकदा, कुरकुरत नाही म्हणून एकदा.

आई म्हणालीच, "पट्टो रोजच ढिलो कसो होता गो? की तो बनवणारोच ढिलो आसा?"

"आई, काहीही काय..."

मुकुल स्क्रू पिळायचा, उगाच पुन्हा सोडायचा. "घट्ट?"

"थोडा."

"आता?"

"आता... बरा आहे."

"बरा आहे तर उद्या येणार नाहीस." तो खिन्न चेहऱ्याने म्हणाला. "मग थोडा बिघडवून ठेवतो."

ती हसली. तिचं हसू दोन वर्षांनी घरी आल्यासारखं, दारातच घुटमळणारं. तेवढ्यात तिची नजर त्याच्या मागच्या फळीवर गेली. तिथे साचे ओळीने मांडलेले. पाऊल, मनगट, मान. प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. तिसऱ्या साच्यावर लिहिलं होतं, 'मानसी, उजवं कोपर'.

"ती?" मुकुलने तिची नजर पकडली. "तुझ्याच खेळातली. दुसरं ऑपरेशन झालंय. थापटलं तरी समोरचीने सोडलं नाही, म्हणते. नाव मात्र सांगत नाही. मी असतो तर चौकात बोर्ड लावला असता. सहा महिने तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, माहितीये?"

जानकी उठली. पट्टा अर्धा उघडाच. सहा पायऱ्या ती रेलिंग धरून चढली.

दोन आठवडे ती गेली नाही. मग त्याचा मेसेज आला. 'पट्टा नीट आहे की माझ्यावर रागावलीयस? दोन्हीपैकी एक तरी दुरुस्त करता येईल.'

ती गेली. त्याने दोन कटिंग चहा मागवून ठेवले होते, नवा शर्ट घातला होता आणि इस्त्रीची घडी अजून खांद्यावर होती. ती घडी बघून तिला रडूच आलं.

"जानकी, मला तुला एक सांगायचंय..." तो ग्लासाशी बोलत होता. "म्हणजे पट्ट्याचं नाही."

"आधी मी." तिने फळीकडे बोट केलं. "तो बोर्ड तू लावणार होतास ना? माझं नाव लिही. ती समोरची मी."

"तुला कळलं नसेल. गडबडीत—"

"कळलं होतं, मुकुल. दोनदा थापटलं तिने. तू प्लास्टरवर टकटक केलीस ना... तसंच, तिथेच."

वर रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं. मुकुलने चहाचा ग्लास हळूच टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवली. बराच वेळ तो नुसताच एक स्वच्छ कानस पुसत राहिला.

"जा आत्ता," तो म्हणाला.

ती पायऱ्यांपर्यंत पोचल्यावर पाठमोराच बोलला, "मला सांगून काय होणार? शनिवारी अकराला ती येते. यायचं तर ये."

शनिवारी पावणेअकराला जानकी बुटक्या स्टुलावर बसून होती. तळव्यांना घाम. पिंजऱ्यात शिरतानाही असा सुटला नव्हता.

मानसी आली, तिला पाहिलं, दारातच थांबली. मुकुलने नवा पट्टा टेबलावर ठेवला आणि आत निघून गेला.

"मला कळलं होतं तेव्हा," जानकी म्हणाली. "तू थापटलंस ते. मुद्दाम धरून ठेवलं मी."

"मला माहितीये." मानसीचा आवाज कोरडा. "तुझी पोटरी थरारली होती. दोन वर्षं वाट बघतेय, कधी येऊन बोलतेस."

"माफी—"

"ते माफीबिफी ठेव तिकडे." मानसी समोर येऊन बसली. "हे बांध आधी. एका हाताने बांधता येत नाही मला."

जानकीने तो हात पुन्हा दोन्ही हातांत घेतला. कोपराजवळ शिवणीचा लांब वण. पहिला बंद, दुसरा बंद. तिसरा ओढत होती, आणि मानसीच्या डाव्या हाताने तिच्या मनगटावर दोनदा थापटलं.

जानकीचे हात त्याच क्षणी हवेत.

मानसीने श्वास सोडला. "हां. आत्ता कसं लगेच कळलं." आणि उठता उठता, "माफ केलेलं नाही हां मी तुला. पण पट्ट्याचे बंद दर महिन्याला बदलावे लागतात. तूच ये बांधायला."

ती गेली. पायऱ्यांवरचा तिचा आवाज संपेपर्यंत मुकुल पडद्याआडच होता. मग बाहेर आला. शर्ट जुनाच, बाहीला प्लास्टर.

"आठ दिवस तुझा साचा फेकायला उचलत होतो," तो म्हणाला, "आणि परत ठेवत होतो. शेवटी खांदा दुखायला लागला."

"मग? फेकलास?"

"त्या फळीवरच आहे. तिच्या शेजारी." तो थांबला. "मला त्या दिवशी जे सांगायचं होतं ना... ते अजून तसंच आहे. जरा जड झालंय, एवढंच."

त्याने हात पुढे केला. बुटक्या स्टुलावरून तिला अजून एकटीला उठता येत नसे. तिने हात दिला, सगळा भार दिला, उभी राहिली. त्याने हात सोडला नाही.

तिने दोनदा थापटलं असतं, तर त्याने सोडला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

जानकीने आपला मोकळा हात पाठीमागे लपवला.