काजळी आणि काचवाला

"हे धुराडं तुमचंच ना?"

मी चादर दोरीवर टाकत होते. शेजारच्या वसतिगृहाच्या गच्चीवरून एक उंच तरुण कठडा ओलांडून थेट आमच्या गच्चीत उतरला होता, आणि काळंकुट्ट फडकं माझ्या नाकासमोर नाचवत होता.

"आमचंच. मग?"

"मी तिकडे उन्हावर पाणी तापवायच्या काचा बसवतोय. सकाळी पुसतो, दुपारी पुन्हा काळ्या!"

"तुम्ही काचा पुसता. आम्ही अख्ख्या चादरी परत धुतो," मी फटकन म्हणाले... आणि जीभ चावली.

"म्हणजे चादर धुवायला कोळसा जाळायचा, त्याच कोळशानं ती काळी करायची, आणि मग पुन्हा—"

"पुरे हं! उडी मारून आलात तसे उडी मारून जा."

तो गेला. जाताना वळून हसला, मेला. माझी सगळी दुपार त्या हसण्यात गेली.

पण बोलला ते खोटं नव्हतं. आमच्या लाँड्रीत कपडा वाळत घालण्याआधी ओल्या फडक्यानं दोरी पुसतात. बाबांचा नियमच तो. फडकं काळं होतं, बाबा ते पिळतात आणि पुन्हा पुसतात. धुराड्याकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही.

काचवाला मग रोज कठड्यावर येऊन बसू लागला. उन्हाळा असा पेटला होता की इस्त्रीच्या खोलीत उभं राहवत नव्हतं.

"दरवर्षी जास्तच उकडतंय," मी कपाळ पुसत म्हणाले.

"उकडणारच. कोळसा, पेट्रोल जाळायचं, जंगलं तोडायची... त्यातला न दिसणारा वायू वर साचतो. पृथ्वीवर आपणच गोधडी घातलीये, आणि दरवर्षी ती जाड करतोय."

"मग उसवा की."

"एकट्याला नाही जमायचं. एक टाका मी, एक... तुम्ही?"

त्यानं माझ्या गालावरची काजळी बोटानं पुसली. मी रागवायला हवं होतं. नाही रागावले.

आपणही अशा काचा बसवू असं बाबांना सांगितलं तर ते कडाडले, "ज्या दिवशी कोळशाचा बॉयलर विझेल, त्या दिवशी लाँड्री तुझ्या चुलतभावाची!" लहानपणापासून मी इथल्या वाफेत वाढले. ही लाँड्री मला हवी होती. पण अशी, स्वतःचंच धुतलेलं काळं करणारी, नको होती.

बाबा आठवडाभर आत्याकडे गेले आणि आम्ही दोघांनी गच्चीवर काचा चढवल्या. नळ्या जोडल्या. बाबा परतले तेव्हा धुराडं थंड होतं आणि नळाला कढत पाणी होतं. ते धापा टाकत वर आले.

"पैसे कुठून आणलेस?"

"माझ्या लग्नासाठी ठेवलेले."

"लग्नाचे पैसे काचांत घातलेस?"

"हो! नाहीतरी लग्न काचवाल्याशीच करायचंय."

मागे खणकन पाना पडला. काचवाला तिथेच नळी आवळत बसला होता.

"हे... मला कधी कळणार होतं?"

"आत्ता कळलं ना? काही हरकत?"

"छे... छे!" कानांपर्यंत लाल झाला बिचारा.

मी लाँड्रीच्या किल्ल्या बाबांच्या हातावर ठेवल्या. "द्या चुलतभावाला. पण तो बॉयलर मी पुन्हा पेटवणार नाही." मी मान खाली घातली नाही.

सवयीनं बाबांनी ओलं फडकं उचललं आणि दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली. फडकं उलटून बघितलं. पांढरंच होतं. त्यांनी पुन्हा पुसलं, जरा जोर लावून. तरी पांढरंच. कितीतरी वेळ ते फडक्याकडे बघत राहिले.

मग किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि काचवाल्यावर डोळे वटारले.

"आणि तुम्ही! उद्यापासून कठड्यावरून उड्या मारायच्या नाहीत. घरचा माणूस जिन्यानं येतो."